मदनी दोनदा पडलं

"लढाईतून वाचला, अन् घरी खुर्चीत बसल्या बसल्या गेला."

तुमच्या तेरवीला आलेल्या जवळपास प्रत्येकानं हेच वाक्य मला ऐकवलं. कोणी हळहळून, कोणी नवल वाटून. कारंज्याहून माझा भाऊ आला होता, सिंदी रेल्वेहून तुमच्या घरची सगळी माणसं आली होती, जिनिंगमधले तुमचे जुने सोबती आले होते. मी मान हलवत होते आणि आतून चिडत होते. वाचला म्हणजे काय? अंगावर येणारी गाडी हुकते आणि माणूस वाचतो, तसे तुम्ही वाचला नव्हतात. तुम्हाला कोणीतरी वाचवलं होतं, तुम्ही कोणालातरी वाचवलं होतं, आणि मधल्या एका घटकेला तुमचा जीव माझ्या तोंडातल्या एका शब्दावर येऊन थांबला होता. त्या शब्दाबद्दल आपण दोघं एकदाही बोललो नाही. आता तुम्ही नाही, तर बोलते.

सुदानहून परत आल्यावर वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेच्या या घरात आपण किती गप्प राहिलो, ते या भिंतींनाच ठाऊक. वरातीत फटाके लागले की तुम्ही उठून मागे जायचात आणि पाण्याची मोटर तपासत बसायचात. मोटरीला काही झालेलं नसायचं. मयूरी नागपूरहून सुट्टीला आली की विचारायची, "बाबा, तिथं नेमकं झालं काय?" तुम्ही म्हणायचात, "गेलतो, आलो. त्यात काय सांगू?" मग ती माझ्याकडे बघायची, आणि मी भाजी बघायच्या निमित्तानं आत जायची. तेव्हा हे थोडं तिच्यासाठीही आहे.

तुमची अर्धी उमर सिंदी रेल्वेच्या कापसाच्या जिनिंगांमध्ये फिटर म्हणून गेली. सुदानमध्ये जिनिंग चालवणाऱ्या एका व्यापाऱ्याला यंत्रं सांभाळणारा माणूस हवा होता आणि तुम्ही हो म्हणून बसलात. तो देश मी मयूरीच्या शाळेच्या नकाशात शोधला होता. तिथून तुमचा पहिला फोन आला तो असा, की जणू तुम्ही शेजारच्या तालुक्यातून बोलताय. म्हणालात, "कपाशीच हाय चहूकडे. आपल्या हिंगणघाटासारखंच वाटते. नदी तेवढी मोठी." मयूरी वसतिगृहात गेली तशी मीही तुमच्यामागे आले. नाईल नदीच्या काठचं ते मदनी शहर, जिनिंगच्या आवारातल्या आपल्या दोन खोल्या, आणि भिंतीला भिंत लावून उस्मानचं घर.

उस्मान जिनिंगचा स्टोअरकीपर. तुमच्याच वयाचा, उंच, सावकाश बोलणारा. आधी गुजराती व्यापाऱ्यांकडे काम केलेलं, म्हणून मोडकीतोडकी हिंदी यायची. त्याची बायको आमना पहिल्या दिवशी माझ्या चुलीपाशी येऊन बसली. तिथंही ज्वारीच खातात हे कळलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला होता. मी भाकरी थापायची आणि ती बघत राहायची. तिच्या हातची पातळ, कागदासारखी भाकर मला शेवटपर्यंत जमली नाही. तुम्ही आणि उस्मान संध्याकाळी अंगणात खाटेवर बसून बोलायचात. तुमची वऱ्हाडी, त्याची अरबी, मध्ये थोडी हिंदी. दोघांना एकमेकांचं किती समजायचं देव जाणे, पण हसायचात एकाच वेळी.

मग त्यांच्या राजधानीत लढाई पेटली. देशाच्या दोन फौजा एकमेकींवर उठल्या. राजधानीतून माणसं गाद्या, भांडी, म्हातारी माणसं गाड्यांवर लादून मदनीला येऊ लागली. बरेचसे भारतीय तेव्हाच मायदेशी निघून गेले. आपणही बोललो होतो त्यावर. पण मदनी शांत होतं. लोक जीव घेऊन जिथं आसऱ्याला येताहेत, तिथून आपण कशाला पळायचं, असं तुम्हीही म्हणालात आणि मलाही ते पटलं. यात मी तुम्हाला दोष देत नाही. कधी दिला नाही.

पण तुम्हाला भीती होती. एकदा चहाचे कप मांडून तुम्ही मला दाखवलंत की राजधानीचा रस्ता इथून जातो, धान्याचा आणि कापसाचा मुलुख इथं, बंदराकडे जायचं तर हा पूल ओलांडावा लागतो. म्हणालात, "ज्याच्या हातात हे गाव, त्याच्या हातात अर्धा देश. हे दोघंबी याले सुखानं राहू देत नाईत, पायजो तू."

तसंच झालं. थंडीच्या दिवसांत पुलापलीकडून तोफांचे आवाज येऊ लागले. आता मात्र निघायचं ठरलं. आपण पिशव्या भरून जिनिंगच्या जीपमध्ये ठेवल्या, पासपोर्ट त्यातच. सकाळी उस्मान आला. कोपऱ्यावरच्या चौकीत कोणी नाही म्हणाला. तुम्ही बघायला गेलात. चौकीत खुर्ची होती, पाण्याचं मडकं होतं, शिपाई नव्हते. सरकारी फौज शहर सोडून गेली होती आणि जाताना कोणालाही काही सांगून गेली नव्हती. दुपारपर्यंत दुसरी फौज आली. उघड्या टपाच्या गाड्या, त्यांवर बसवलेल्या बंदुका, आणि गाडीच्या कडेला पाय सोडून बसलेली पोरं. त्यांनी फाटक उघडायला लावलं, आपले फोन घेतले आणि जीप नेली. पासपोर्ट गेले. रस्ता गेला. मदनी पहिल्यांदा पडलं ते असं, आपल्याच दारात, उन्हात, फारसा आवाज न करता.

त्यांचा एक कमांडर होता. तिशीचासुद्धा नसेल. नम्र बोलायचा, आणि त्याच्या त्या नम्रपणाचीच मला जास्त भीती वाटायची. त्याला तुमचं वर्कशॉप दिसलं. उस्मानमार्फत त्यानं विचारलं की हा भारतीय माणूस गाड्या दुरुस्त करू शकतो का. करू शकतो असं म्हटलं असतं तर एक संकट, नाही म्हटलं असतं तर दुसरं. तुम्ही तिसरंच काढलंत. शहराचं नळाचं पाणी बंद झालं होतं. जिनिंगच्या आवारात बोअर होती, जनरेटर होता, पण डिझेल नव्हतं. तुम्ही म्हणालात की गाड्या करून देतो, पण रोज पंपापुरतं डिझेल द्यायचं, आणि ते पाणी गल्लीतल्या बायांना भरू द्यायचं. कमांडर हसला आणि हो म्हणाला.

त्या दिवशी आपलं जे भांडण झालं ते अजून संपलेलं नाही. मी म्हटलं होतं की त्या गाड्यांवर बंदुका आहेत, त्या गाड्या कुठंतरी जाणार, कोणावरतरी चालणार. तुम्ही हात पुसत म्हणालात, "पाणी नाई भेटलं तं ही गल्ली मरन. बंदूक तं ते दुसऱ्या गाडीवरबी बसवतीन."

तुमचं म्हणणं खोटं नव्हतं. आजही नाही. पण खोटं नाही म्हणून पटलं असं होत नाही. तुम्ही गाड्यांखाली शिरत राहिलात, फाटकातून बायांची रांग येत राहिली, आमना रांगेत भांडणं लागू देत नव्हती, आणि मी त्या पाण्यानं स्वयंपाक करत होते, भांडी घासत होते, तुमचे ग्रीस लागलेले कपडे धूत होते. पाणी मीही प्यायले. ते मी कधी नाकारलं नाही.

मग एक दिवस तो म्हातारा शेतकरी आला. पूर्वी दर हंगामात आपल्या जिनिंगवर कापूस आणायचा, तुम्ही त्याला चहा द्यायचात. या वेळी गाढवाच्या गाडीवर सून आणि एक गाठोडं होतं. त्याचं गाव या फौजेनं जाळलं होतं. आमनानं त्यांना पाणी दिलं. म्हातारा प्यायला, तोंड पुसलं, आणि त्याची नजर वर्कशॉपमध्ये उभ्या असलेल्या गाडीवर गेली. हिरव्या दाराची गाडी. तो बघतच राहिला. गाव जाळायला आलेल्या गाड्यांत ती होती, हे त्याच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. नंतर तुमच्याकडे बघितलं, तुमच्या हातातल्या पान्याकडे बघितलं, आणि सुनेला घेऊन निघून गेला.

तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत. मी ताट झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही आणि उस्माननं स्टोअरमधले सुटे भाग, फिल्टर, बेल्ट, जे जे गाडीला लागतं ते सगळं सरकीच्या ढिगाखाली पुरून टाकलं. कल्पना तुमची होती, पण किल्ली उस्मानची. पकडलं असतं तर पहिला तो गेला असता. त्यानं मला हिंदीत सांगितलं होतं, "भाभी, चुप रहना. बस." कमांडरला तुम्ही सांगितलंत की सामान संपलं, आता गाडी होत नाही.

तो स्वतः आला. उस्माननं एकेक कपाट उघडून दाखवलं. सगळी रिकामी. ऊन फार होतं, म्हणून कमांडर सावलीत गेला आणि सरकीच्या ढिगावरच बसला. चहा मागितला. मी चहा केला. कप त्याच्या हातात देताना मी ढिगाकडे बघितलं नाही, तुमच्याकडे बघितलं नाही, फक्त कपाकडे बघितलं. तो बोटांनी सरकी उचलून खेळवत होता, एकेक दाणा खाली टाकत होता. उस्मान उभा होता तसा उभा. मला अजून कधी कधी वाटतं की कमांडरला कळलं होतं. चहा संपवून तो उठला, कपडे झटकले, आणि जाता जाता त्याच्या एका पोरानं बंदुकीचा दस्ता तुमच्या खांद्यावर घातला. तुम्ही खाली बसलात. परत आल्यावर वर्ध्याच्या डॉक्टरला तुम्ही सांगितलंत की शिडीवरून पडलो. मी शेजारीच बसले होते.

पंप मात्र त्यांनी बंद केला नाही, कारण तेही तेच पाणी पीत होते.

असं अख्खं वर्ष गेलं. मयूरीचा आवाज आपल्याला अधूनमधून ऐकायला मिळायचा, उस्मान कुठूनतरी फोन जुळवून आणायचा. "आम्ही बरे आहोत" एवढंच तुम्ही तिला सांगायचात आणि फोन माझ्याकडे द्यायचात, कारण पुढचं खोटं माझ्याकडून जास्त चांगलं निघायचं. दिवाळी आली. मी ज्वारीच्या पिठाचं काहीतरी गोड केलं. आमनानं दिवा म्हणून वाटीत तेल घालून वात लावली. तिला कोणी सांगितलं होतं, मला माहीत नाही. बहुतेक तुम्हीच.

थंडी परत आली आणि सरकारी फौज परत यायला लागली. या वेळी आवाज दोन्हीकडून होता. विमानं यायची. दिवसाउजेडी आपण रेच्यांच्या, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांच्या, लोखंडी सांगाड्यांखाली जाऊन पडायचो, उस्मानच्या घरचे सगळे तिथंच. एक गोळा आवाराच्या भिंतीवर पडला आणि सगळीकडे रुई उडाली. आमनाच्या केसांत, तुमच्या भुवयांवर, सगळीकडे पांढरं. कोणी हसलं नाही. मग एका दुपारी कमांडरच्या फौजेच्या गाड्या उलट्या दिशेनं पळताना दिसल्या. ज्या पुलावरून आले, त्याच पुलाकडे. संध्याकाळपर्यंत रस्त्यावर लोक नाचत होते. सरकारी शिपायांना मिठ्या मारत होते. तुम्हीही बाहेर गेलात, उस्मानच्या गळ्यात हात टाकून उभे राहिलात. मला वाटलं, सुटलो.

मदनी एका बाजूच्या हातून पडतं तेव्हा ते दुसऱ्या बाजूच्या हाती पडतं. मधली माणसं दोन्ही वेळा खाली सापडतात. हे मला त्यानंतरच्या दिवसांत समजलं. सरकारी फौजेच्या मागून गल्लीगल्लीतली पोरं बंदुका घेऊन निघाली. कोणी पळून गेलेल्यांना मदत केली, कोणी त्यांना जेवू घातलं, कोणी त्यांच्या गाड्या केल्या, याचा हिशेब सुरू झाला. गल्लीपलीकडच्या शाळेत ते माणसांना नेत होते. काही परत येत होते. काही येत नव्हते.

उस्मानला नेलं ते एका सकाळी. कोणीतरी सांगितलं होतं की स्टोअरची किल्ली याच्याकडे होती, यानंच त्यांना सामान पुरवलं. ज्या माणसानं सामान पुरून ठेवलं, त्याच्यावर सामान दिल्याचा आळ. आणि त्याच सकाळी आपल्याला बंदराच्या शहराकडे नेणारा ट्रक ठरला होता. व्यापाऱ्यानं फार खटपट करून दोन जागा मिळवल्या होत्या. पुन्हा कधी मिळतील सांगता येत नव्हतं. मी पिशवी घेऊन ट्रकमध्ये चढले. आमना खाली उभी होती. ती काही मागत नव्हती, रडत नव्हती, ट्रकच्या फळीवर हात ठेवून उभी होती. तुम्ही चढायच्या ऐवजी मागे फिरलात.

मी विचारलं कुठं. तुम्ही म्हणालात की शाळेत जाऊन सांगून येतो, किल्ली त्याची पण काम माझं. मी म्हटलं, "तुमी नोका जाऊ. तुमची पोरगी आहे तिकडे." एवढंच म्हटलं, आणि त्यात मला जे म्हणायचं होतं ते सगळं आलं होतं.

तुम्ही म्हणालात, "तू बस. मी आलोच."

किती साधं बोललात, जसं चौकातून दूध घेऊन येतो म्हणताय. माझा सगळा राग त्या साधेपणावर आहे. तुम्ही मला तिथं बसायला सांगून निघालात. हे भांडण मी शेवटपर्यंत सोडणार नाही. माझ्या नवऱ्याचं काय होतं ते कळेपर्यंत ट्रकमध्ये पिशवी मांडीवर घेऊन मी वाट बघत बसायची? मी उतरले. ड्रायव्हर ओरडला की थांबणार नाही. नको थांबू म्हटलं.

शाळेच्या अंगणात बाकावर एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ बसले होते. माझ्यासोबत आलेली आमना कानाशी म्हणाली, हे याच शाळेत मास्तर होते. आजूबाजूला बंदुका घेतलेली पोरं. भिंतीशी बसवलेली माणसं, त्यांत उस्मान, हात मागे बांधलेले. आणि त्यांच्यासमोर तुम्ही. तुमची अरबी म्हणजे बाजारातली अरबी. क्रियापद एकीकडे, कर्ता एकीकडे. पण त्या दिवशी तुम्ही जे बोललात ते कोणालाही समजलं असतं. गाड्या मी दुरुस्त केल्या. यानं नाही. यानं सामान लपवलं. गाड्या मी केल्या.

मास्तरांनी शांतपणे विचारलं की तू काय बोलतोयस हे तुला कळतंय ना. तुम्ही म्हणालात, कळतंय. एक पोरगा पुढे आला आणि त्यानं बंदूक तुमच्या छातीशी आणली. मास्तरांनी त्याला थांबवलं नाही. त्यांची नजर दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे गेली.

"तू याची बायको?"

मी मान हलवली.

"हा खरं बोलतोय? त्यांच्या गाड्या यानं केल्या?"

तुम्ही मागे वळून माझ्याकडे बघितलंत. इतकी वर्षं तुमच्या बघण्याचा अर्थ मला लागत आला होता. मीठ कमी आहे, पाहुणे कंटाळवाणे आहेत, आता उठूया. पण त्या एका वेळी मला काही वाचता आलं नाही. 'नाही म्हण' असं होतं की 'हो म्हण' असं? मला तुम्हाला हेच विचारायचं होतं. नाही म्हटलं असतं तर त्यांनी कदाचित तुम्हाला एक वेडा परदेशी म्हणून हाकलून दिलं असतं. आपण ट्रकमागे धावलो असतो. उस्मान भिंतीशीच राहिला असता.

मी म्हटलं, "आयवा." म्हणजे हो.

तिथल्या शांततेत तो शब्द फार मोठा वाटला. मास्तरांनी विचारलं, का केल्या? मला लांब बोलता येत नव्हतं. मी म्हटलं, "मोया." पाणी. आणि हात करून आपल्या आवाराकडे दाखवलं.

मास्तर उठले. दोन पोरं बरोबर घेतली आणि चालत निघाले. तुमच्या छातीवरची बंदूक तशीच राहिली. मी तिथंच उभी होते, तुम्ही तिथंच उभे होतात, मध्ये शाळेचं अंगण. बाहेरून ट्रक निघून गेल्याचा आवाज आला. आमनानं माझा हात धरला होता की मी तिचा, आठवत नाही.

नंतर कळलं की पंपावर त्या वेळी रोजची रांग होती. मास्तरांनी बायांना विचारलं की हे पाणी कधीपासून. बायांनी सांगितलं. रांगेत त्यांच्या ओळखीच्याही होत्या. पुरताना बघितलेल्या कोणीतरी सांगितलं की गाड्यांच्या सामानाचं काय झालं हे बघायचं तर सरकी उकरा. पोरांनी उकरली. फिल्टर, बेल्ट, सगळं निघालं, तसंच्या तसं. मास्तर परत आले ते कपाळावरचा घाम पुसत आले. उस्मानचे हात सोडायला सांगितले. त्यानं रोज येऊन हजेरी द्यायची. आणि तुम्हाला म्हणाले की आजच्या आज शहर सोड, उद्या माझ्या जागी दुसरा कोणी बसलेला असेल.

त्यांनी आभार मानू दिले नाहीत. बहुतेक त्यांनाही आपल्याइतकीच भीती होती.

कांद्याच्या एका ट्रकमध्ये आपल्याला जागा मिळाली. पूल ओलांडताना तुम्ही मान वर केली नाहीत. बंदराच्या शहरात आपल्या वकिलातीनं कागद करून दिले, विमान मिळालं, नागपूर आलं. विमानतळावर मयूरी तुमच्या गळ्यात पडली तेव्हा दुखरा खांदा तुम्ही किंचित मागे घेतलात आणि ती म्हणाली, "बाबा, लागलं?" तुम्ही म्हणालात, नाही.

आपण दोघांनी मग सगळ्यालाच नाही म्हणायची सवय लावून घेतली. तुम्ही मला कधी विचारलं नाहीत की तू हो काऊन म्हटलं. मी कधी सांगितलं नाही. तुम्ही रोज सकाळी मी उठायच्या आधी चहा करून ठेवू लागलात, जे आधी आयुष्यात केलं नव्हतं. तो उपकार होता की अबोला, हे मला ठरवता आलं नाही. ज्या सकाळी तुम्ही गेलात त्या सकाळीही चहा झाकून ठेवलेला होता. कोमट होता.

तर सांगते. लोकांना वाटेल मी उस्मानसाठी हो म्हटलं. नाही. आमना माझ्या शेजारी होती, पण मी मुद्दाम तिच्याकडे बघितलं नव्हतं. मी मोठ्या मनाची नाही, तुम्हाला माहीत आहे. तुमच्या छातीवर बंदूक होती आणि उस्मान त्या वेळी मला कोणी नव्हता. मी हो म्हटलं कारण ते खरं होतं. तुम्ही त्या गाड्या केल्या होत्या, मी नको म्हणत असताना केल्या होत्या, तो म्हातारा हिरव्या दाराकडे बघत राहिला होता. ते सगळं माझ्या एका 'नाही'नं पुसून टाकणं मला जमलं नाही. आणि तुम्ही भर अंगणात, एवढ्या बंदुकांपुढे खरं बोलत असताना, तुम्हाला खोटं पाडणारं पहिलं माणूस मी व्हावं, हेही जमलं नाही. त्या एका शब्दात माझं भांडण होतं आणि माझी तुम्हाला साथही होती. दोन्ही इतकी एकत्र होती की मला आजही वेगळी करता येत नाहीत.

तेरवी झाल्यावर उस्मानचा फोन आला. बातमी त्याला व्यापाऱ्याकडून कळली होती. तो आहे, आमना आहे, हजेरी कधीच बंद झाली. शहरात पुन्हा वीज येते-जाते, जिनिंग बंदच आहे. पंप चालतो म्हणाला. मग त्यानं आपल्या त्या मोडक्या हिंदीत विचारलं की गजाननभाईनं तुला कधी सांगितलं का, तो त्या दिवशी काय म्हणाला ते. मी म्हटलं, कधी? म्हणाला, माझे हात सोडत होते तेव्हा.

उस्मान सांगत होता की तुम्ही त्याच्या खांद्याला धरून उभे होतात आणि हसत होतात. त्याला म्हणालात, मला बंदुकीची भीती नव्हती वाटली. सुनंदा नाही म्हणते की काय, याची वाटली होती.

मी फोन ठेवला आणि तुमच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिले. अहो, उस्मानला सांगितलंत. परक्या देशात, परक्या भाषेत, हात सुटता सुटता सांगितलंत. घरी माझ्यासमोर बसून रोज चहा प्यायलात. मला सांगायला काय झालं होतं?